हलकं काम जमेल

मंगळवारी सकाळी प्लास्टिकचा कचरा खाली ठेवून वर आले, तर फोन वाजत होता. पलीकडे मोरी-सान. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांची प्रकरणं सांभाळणारा, अतिशय सभ्य तरुण. आधी त्याने सकाळी सकाळी त्रास दिल्याबद्दल माफी मागितली, मग सांगितलं की विद्याताई काल दुपारी कामावर कोसळल्या आणि गेल्या. मग धीर द्यावा म्हणून तो म्हणाला, "महिनाभरात त्यांनी एकही रजा घेतली नव्हती. फार प्रामाणिक होत्या."

त्याला सहा आठवडे झाले. त्या वाक्याचा मला राग यायला हवा होता, पण राग येतो तो माझाच. इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत सगळे म्हणाले, विद्याताई नेहमी हसतमुख असायच्या. मीही तेच म्हणाले. खरं काय ते इथे लिहिते.

विद्याताई मूळच्या नाशिकच्या. नवरा टोकियोतल्या एका भारतीय हॉटेलात आचारी होता. तो गेल्यावर त्याच हॉटेलाच्या स्वयंपाकघरात त्यांनी अठरा वर्षं काढली. मूलबाळ नाही, नाशिकला परत जावं असं कुणी उरलं नाही. पुढे हृदय थकलं. इथला कायमचा व्हिसा होता म्हणून सरकारी मदत मिळाली. तिची अट अशी की अंगात बळ असेल तर काम शोधायचं. नसेल तर डॉक्टरांनी तसं लिहून द्यायचं. जुने डॉक्टर दर वेळी 'काम शक्य नाही' असं लिहीत. ते निवृत्त झाले आणि नवे आले. मोरी-सानने कळवलं, एकदा नीट विचारून घेऊ, दुभाषी आणा.

दुभाषी म्हणजे मी. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीने टोकियोजवळच्या ग्योतोकुला आले, जपानी शिकले आणि अख्ख्या मंडळाची कामं अंगावर घेतली. माझं जपानी चांगलं आहे, आणि त्याचा मला माज होता. आदल्या दिवशी मी ताईंना फोनवर बजावलं, "चांगली साडी नेसा. केस नीट बांधा. चार लोकांत बरं दिसायला नको का?" डॉक्टरकडे जाताना अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून जायचं, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. ताई मोरपंखी साडी नेसून, पावडर लावून आल्या.

डॉक्टरांनी विचारलं, घरचं काम जमतं का? ताई म्हणाल्या, "हो, हो, सगळं करते की मी." किती चालवतं? त्या हळूच म्हणाल्या, "चालते... म्हणजे मध्ये जरा बसावं लागतं गं. सगळंच कशाला सांगायचं?" मी भाषांतर केलं, 'चालतात.' बसण्याचं गाळलं. समोर मोरी-सान वहीत लिहीत होता, आणि आपली माणसं फुकट खाणारी आहेत असं त्याला वाटू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वर मी स्वतःच्या पदरचं घातलं, "गणपतीत चाळीस जणांच्या पुरणपोळ्या या एकट्या करतात." डॉक्टर कौतुकाने हसले. त्यांनी कागदावर लिहिलं, हलकं काम जमेल.

पंधरा दिवसांनी आर्बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, ठरला. लॉन्ड्रीच्या कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालायच्या. रोज पाच तास, उभ्याने. ताईंचा फोन आला.

"अगं, डॉक्टरांना पुन्हा एकदा सांगून बघशील का? मला नाही झेपायचं."

"आता कसं सांगणार, ताई? तेव्हा हो म्हणालात, आता नाही म्हणायचं? ते आपल्याला खोटारडे समजतील."

मी पुढे रेटलं.

"आणि चार माणसांत राहिलात तर बरंच वाटेल तुम्हाला."

"बरं," त्या म्हणाल्या. "तुझंही बरोबर आहे."

माझं बरोबर नव्हतं. एक फोन करायचा होता फक्त. तोही मी केला नाही, कारण त्यात माझी चूक मला माझ्याच तोंडाने जपानीत सांगावी लागली असती.

खोली रिकामी करायला मोरी-सानने मलाच बोलावलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी कधीच गेले नव्हते. मंडळासाठी केलेल्या पदार्थांचे डबे त्या स्टेशनवर आणून द्यायच्या. वर या असं कधी म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. सहा चटयांची, म्हणजे जेमतेम दहा बाय दहाची खोली, एकट्या बाईची. आत चार खुर्च्या होत्या. एक दाराला लागून. तिथून पाच पावलांवर दुसरी, गॅसपाशी. तिसरी न्हाणीच्या उंबऱ्याशी, चौथी कपाटासमोर. प्रत्येकीवर जुन्या साडीची चौघडी, बसून बसून मध्ये खोल गेलेली. मोरी-सान गोंधळला. म्हणाला, "पाहुणे फार येत असावेत त्यांच्याकडे."

या वेळी मी नीट सांगितलं. प्रत्येक खुर्ची कशासाठी ते, एकेक पाऊल मोजून, माझ्या चांगल्या जपानीत. त्याने वही काढली, लिहून घेतलं आणि कमरेत वाकून माझे आभार मानले.