आत्याची ओळ आणि टेपचं वेटोळं

लॉजमधली ती खोली कुणालाच नको होती. मुरुडला येणाऱ्या माणसाला खिडकीतून समुद्र हवा असतो, आणि या खोलीची खिडकी उघडली की दिसतात ते दोरीवर सुकत घातलेले बोंबील. दिसतात त्याहून जास्त त्यांचा वास येतो. म्हणून ती खोली आम्हाला मिळाली. लॉज आमच्या मित्राच्या थोरल्या भावाचं. मित्र तिथले टीव्ही, गिझर, पंखे दुरुस्त करून देतो, त्या बदल्यात खोली त्याची, आणि त्याची म्हणजे आमची. आम्ही तिघं. हा दुरुस्तीवाला मित्र, बेंजो वाजवणारे चाचा, आणि सोमवार ते शनिवार शाळेत विज्ञान शिकवून रविवारी इथे येऊन चांगल्या वस्तूंमधून नको ते आवाज काढणारी मी.

आम्ही जे वाजवतो त्याला लोक काय म्हणतात हे मला ठाऊक आहे. जेट्टीवर बांधलेल्या होडीचा दोर करकरतो ना, तो आवाज आम्ही टेप करून आणतो आणि त्याच्याभोवती बेंजो फिरवतो. त्यात ठेका असेलच असं नाही, शब्द तर नसतातच. लॉजवाला भाऊ एकदा दारातून डोकावला आणि म्हणाला, "पंपाची मोटर बिघडली काय?" आम्ही तेव्हा आमची सगळ्यात चांगली रचना वाजवत होतो. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

पण आमच्या वाद्यांना कोणी नावं ठेवलेली मी खपवून घेत नाही. चाचांचा बेंजो म्हणजे फळीवर तारा ताणलेला, टाइपरायटरसारखी बटणं असलेला तोच, जो आमच्याकडे हळदीला वाजतो आणि ज्याच्यावर गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्याही उठून नाचतात. चाचांचं उभं आयुष्य हळदी वाजवण्यात गेलं. बेंजोची काही बटणं पडली तिथे त्यांनी शर्टाची बटणं चिकटवली आहेत. त्यातल्या निळ्या बटणापायी त्यांनी चाचींच्या भरपूर शिव्या खाल्ल्या, कारण तो शर्ट नवा होता. माझं वाद्य म्हणजे मासळी बर्फात घालून मुंबईला पाठवतात तो थर्माकोलचा खोका. त्याच्यावर मी तंगूस ताणलाय, गळाला लावतात तो नायलॉनचा धागा, आणि आत एक छोटा माईक चिकटवलाय. बोटाने छेडलं की उपाशी पोटासारखा गुरगुरतो. कितीही धुतला तरी त्याचं सुरमईशी असलेलं नातं काही तुटलेलं नाही.

आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर एका मंडपवाल्याने टाकून दिलेला. त्याची एक पट्टी थापट खाल्ल्याशिवाय बोलत नाही. आकडे पुसून गेले म्हणून मी त्याला टिकल्या लावल्या, लाल टिकलीपर्यंत चाचा आणि हिरव्या टिकलीपर्यंत खोका. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, तशी इथली खारी हवा. ती लोखंड खाते, वायर खाते, आणि वेळ मिळाला तर माणसाचं डोकंही खाते. पावसाळ्यात आमचे माईक तांदळाच्या डब्यात झोपतात आणि कपाटात दिवसभर पिवळा बल्ब जळत असतो. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना लॉजच्या जुन्या गाद्या टांगल्यात, पाहुण्यांनी लोळून लोळून पापड केलेल्या.

मित्राचा सगळा जीव मात्र एका जोडीत आहे. दोन जुने कॅसेट डेक. पहिल्यातून निघालेली टेप टेबलावर पेन्सिलीला वळसा घालून दुसऱ्यात जाते. पहिला आवाज धरतो, आणि थोड्या वेळाने दुसरा तोच आवाज परत ऐकवतो. मित्र त्याला 'वेटोळं' म्हणतो आणि त्याच्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसतो. त्याच्या बायकोने हे एकदा पाहिलं आणि घरी जाऊन त्याला बराच वेळ ऐकवलं.

आमच्यात गायचं मात्र कोणी नाही, हा नियम माझा. घरोघर गाणारे पडलेत, आपण कशाला, असं मी ठणकावून सांगायचे. खरं कारण इतकंच की आमच्या घरात दोघी अशा गायच्या, की मला तोंड उघडायची गरजच कधी पडली नाही.

त्या दोघी म्हणजे माझी आत्या आणि माझी आई. आमच्या बौद्धवाडीत जयंती असो, लग्न असो, बारसं असो, ओळ टाकायची आत्या आणि ती मागून उचलायची आई. याला झील धरणं म्हणतात. पुढचा गाणारा ओळ सोडून श्वास घेतो आणि मागचा ती ओळ पडू देत नाही. गाणी आत्याच जुळवायची, शाळेत जाणाऱ्या पोरींवर, पाणवठ्यावर, वाडीत पहिला दिवा लागला त्याच्यावर. एरवी या नणंद-भावजयीचं कालवणातल्या मिठावरूनही वाजायचं. गाताना मात्र एकीचा श्वास कुठे संपणार हे दुसरीला आधी कळायचं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून आत्या गायली नाही. वाडीतले लोक बोलवायला आले की म्हणायची, घसा बसलाय. डॉक्टरांनी पाहिला, घसा ठणठणीत. मला गाण्याची चिंता नव्हती, तिची होती. पूर्वी ती भाकरी थापायची तर चार घरांना कळायचं. आता ती घरात आहे की नाही हे डोकावून बघावं लागायचं. माझ्या डोळ्यांदेखत ती मिटत चालली होती आणि मला ते बघवत नव्हतं.

रविवारी ती मुरुडला बाजाराला येते आणि परतीच्या एसटीपर्यंत आमच्या खोलीत पंख्याखाली बसते. सुपारी कातरत आमचं ऐकते. "सुरू झालंय, का अजून जुळवताय?" एवढंच ती विचारते. आम्ही सुरू होऊन बराच वेळ झालेला असतो.

अशाच एका रविवारी दुपारी, काही विषय नसताना, तिने अडकित्ता खाली ठेवला. "माझा आवाज घालता काय गो त्यात? बघू तरी कसा येतो."

आमची नुसती धांदल उडाली. चाचांनी दाराला आतून टॉवेल लावला. मित्राने तांदळाच्या डब्यातून सगळ्यात चांगला माईक काढला आणि फुंकर मारून मारून पुसला. गाद्यांच्या कोपऱ्यात खुर्ची मांडून आत्याला बसवलं आणि तिच्या कानावर हेडफोन चढवले. अंबाड्यामुळे ते नीट बसेनात, तर तिने अंबाडाच सोडला. मित्र म्हणाला, "आत्या, आधी तुम्ही एकट्याच गा. बाकीचं आम्ही नंतर भरू." आमच्याकडे काम असंच चालतं, एका वेळी एक आवाज.

तिने डोळे मिटले आणि ओळ टाकली.

"खाडीपल्याड दिवा लागला, वाट आमची दिसू लागली..."

तोच आवाज. आणि तिथेच ती थांबली.

आम्ही वाट पाहिली. काहीच नाही. मित्राने खुणेनेच सांगितलं, परत. तिने परत तीच ओळ म्हटली, पुन्हा तिथेच थांबली. मित्र वायर तपासायला लागला. चाचा हळूच मला म्हणाले, "बेटा, ताई लफ्ज विसरल्या वाटतं."

तिसऱ्यांदा मी फक्त तिच्याकडे बघत होते. ओळ संपली तशी तिची मान किंचित डावीकडे वळली. आई नेहमी तिच्या डाव्या हाताला बसायची. आत्या काही विसरली नव्हती. ती ओळ सोडून वाट बघत होती, आणि ओळ उचलायला कोणी नव्हतं.

मी ते मित्राला सांगितलं, तर तो एकदम खुलला. "एवढंच ना? वेटोळं आहे की!" त्याने डेक सुरू केले, पेन्सिल सरळ केली. आत्याने ओळ टाकली, आणि क्षणभराने तिचीच ओळ हेडफोनमध्ये तिच्याकडे परत आली. ती दचकली, मग हसली. आम्हीही हसलो. पुन्हा ओळ आली तेव्हा ती हसली नाही.

"ही तर मीच हाय," ती म्हणाली. "माझ्या मागं मीच कशी येईन?"

मग चाचांनी बेंजोवर झील वाजवून पाहिली, फार मऊ, निळ्या बटणाला जपून. आत्याने अदबीने ऐकलं. "छान वाजवता हो भाऊ. पन ह्याला शब्द कुठं हायत?" तिने हेडफोन काढले आणि केस वळायला घेतले. "ऱ्हाऊ दे आता. घसा बसलाय माझा. एसटी चुकंल."

आज ही अशी उठली तर पुन्हा कधी बसायची नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. चाचा माझ्याकडे बघत होते. आता तूच गा, असं ते बघणं, आणि मला त्यांचा भयंकर राग आला. त्या गाण्यांची प्रत्येक झील मला पाठ होती. आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी त्या ऐकल्या होत्या. पण माझा आवाज म्हणजे चरकात अडकलेला ऊस.

मी माझा थर्माकोलचा खोका ओढला आणि आत्याच्या डाव्या हाताला त्याच्यावर बसले. तंगूस काढायचंही सुचलं नाही. बुडाखालून एक गुरगुर निघाली. आत्या माझ्याकडे बघत राहिली. मी समोरच्या गादीवरचे डाग बघत म्हटलं, "टाक ओळ."

तिने वळलेले केस सोडले, हेडफोन पुन्हा चढवले, ओळ टाकली आणि थांबली.

"वाट आमची दिसू लागली, गो बाई, दिसू लागली..."

आवाज चिरकला, मध्येच खोकला आला. पण ओळ पडली नाही. आत्या पुढच्या ओळीवर गेली. मी ती उचलली. तिसऱ्या कडव्याला तिचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि तिथेच ठेका धरायला लागला, चांगला जोराने, आईच्या गुडघ्यावर धरायची तसा. एसटीचा हॉर्न गादीतूनही ऐकू आला. कोणी उठलं नाही.

गाणं संपलं तेव्हा चाचा तोंड फिरवून बेंजो पुसत होते. मित्राला मात्र कामाशिवाय काही सुचत नाही. तो म्हणाला, "आत्या, तुमचं एक नंबर. पण हिचा सूर त्या 'दिसू लागली'ला दर वेळी खाली घसरतोय. परत एकदा घेऊ या?"

"न्हाय," आत्या म्हणाली. "तसंच ऱ्हाऊ दे. हिची आय पन थितंच घसरायची. सांगून सांगून थकले मी तिला."

मी उठायला लागले, तर तिने माझा दंड धरून मला खाली बसवलं. पदराने नाक पुसलं, हेडफोन सारखे केले.

"बस," ती म्हणाली. "दुसरं घेऊ."