मागच्या वर्षीची बातमी

उल्हासनगरात कॅम्प तीनला आमच्या पेपरचं ऑफिस आहे. जयदेव भोपी तिथे एकतीस वर्षं पालिकेच्या बातम्या देतायत. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, तिन्हीकडच्या सभा त्यांनीच ऐकायच्या. उन्हाळ्यातली पाणीटंचाईची बातमी मात्र ते नव्याने लिहीत नाहीत. मागच्या वर्षीची काढायची, तारीख आणि साहेबाचं नाव बदलायचं, पाठवून द्यायची. कोणी टोकलं की खेकसतात, "बारवी धरण दरवर्षी भरतं, नळ दरवर्षी कोरडे. नवीन काय डोंबल लिहू?"

यंदा मे महिन्यात ते नाव बदलायला विसरले. "आठ दिवसांत पाणीपुरवठा सुरळीत होईल," हे आश्वासन पाणी खात्याच्या पाटणकर साहेबांच्या नावावर छापून आलं. साहेब दिवाळीतच वारले होते.

पालिकेतून कोणी फोन केला नाही. एकाही वाचकाने चूक दाखवली नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या बायकोचा, नीलिमाताईंचा फोन आला. भोपी माफी मागायला लागले.

"माफीचं राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांचं तेवढं खरं आहे का? हे होते तेव्हाही आमच्या बिल्डिंगला टँकरच यायचा."