आप्पांना ‘फसवलंत’ म्हटलं त्या दिवशी

फसवणे म्हणजे खोटं खरं भासवून दुसऱ्याचं नुकसान करणे. अर्थ सरळ आहे. पण आमच्या गिरगावच्या चाळीत हा शब्द कुणाला लावायचा, हे ठरलेलं होतं. भाजीवाला फसवायचा, खोल्यांचा दलाल फसवायचा, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षांत सरकार तर रोज फसवायचं. माझे वडील, आप्पा, सभेहून आले की गॅलरीच्या कठड्यावर मूठ आपटत, "फसवलं आपल्याला! धडधडीत फसवलं!"

मी मॅट्रिकला होते. बीजगणिताच्या पेपरला निघाले, तर आप्पांनी दारात अडवलं.

"हरताळ आहे. पेपर पुढे ढकललाय."

हरताळ तेव्हा नेहमीचेच. मी मुकाट्याने चपला काढल्या. आईने जरीचं पातळ आधीच काढून ठेवलं होतं. दुपारी दादरची मंडळी मला बघायला येणार, हे तेव्हा कळलं. तरी मला संशय आला नाही, याचा संताप आजही होतो.

मी पाहुण्यांना पोहे देत होते, तेवढ्यात वर्गातली मैत्रीण दारात उभी. "अगं, होतीस कुठे? तुझा बाक रिकामा! आणि पेपर इतका सोपा!"

एक पेपर चुकला की अख्खी परीक्षा नापास. नापास मुलगी कॉलेजचं नाव काढत नाही आणि स्थळाला नाही म्हणत नाही. आप्पांना तेच हवं होतं.

मी बशी खाली ठेवली. "आप्पा, तुम्ही मला फसवलंत."

पाहुणे चहा न घेताच उठले. आत्या कडाडली, "बापाला असं बोलतात? फसवतात ते परके, कार्टे! घरचे भलं बघतात!"

"शब्द मागे घे," आप्पा म्हणाले.

"ऑक्टोबरचा फॉर्म भरा."

"आधी शब्द मागे घे."

मी घेतला नाही. पुढे कित्येक महिने नातेवाइकांत चर्चा माझ्या जिभेची. आप्पांनी काय केलं, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण मी अबोला धरला, आणि शेवटी त्यांनी फॉर्म भरला.

ऑक्टोबरात पेपरच्या सकाळी ते कोट घालून तयार. "चल, सोडतो."

"नको."

"अगं, पेपर आहे ना आज नक्की?"

"आहे. काल केंद्रावर जाऊन फळा वाचून आलेय," मी म्हटलं आणि जिना उतरले.