बर्फातल्या झोपडीचा मालक

माझ्या बायकोला झोप आणण्याचं काम गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडून काढून घेण्यात आलं आणि बर्फात राहणाऱ्या एका माणसाला देण्यात आलं.

ती नर्स आहे. रात्रपाळी संपवून सकाळी आठला इथे आखातात, अबू हलीफातल्या आमच्या फ्लॅटवर पोचते, तेव्हा बाहेर ऊन भाजायला लागलेलं असतं. बेडरूमच्या काचांना आतून अॅल्युमिनियमची फॉईल चिकटवलेली, एसी अठरावर. शुक्रवारी मला सुट्टी. तेव्हा पलंगाच्या कडेला बसून छोट्या दिव्याच्या उजेडात मी तिला जुने दिवाळी अंक वाचून दाखवायचो. दर वेळी गावाहून परतताना सामानाच्या वजनात लोणच्याशी भांडून आणलेले अंक. दोन-तीन पानांत ती झोपायची. लेखकांना कळलं असतं तर वाईट वाटलं असतं. मला मात्र अभिमान वाटायचा.

मग वॉर्डातल्या एका मैत्रिणीने तिला मोबाइलवर ऐकायची, झोप आणणारी एक गोष्ट दिली. इंग्रजीत, पुरुषाच्या खर्जातल्या आवाजात. एक माणूस बर्फाळ रानात लाकडी झोपडीत एकटा राहतो. लाकडं फोडतो. शेगडी पेटवतो. चहा पितो. बर्फ पडत राहतो.

"मग पुढे काय होतं?" मी विचारलं.

"काही नाही. तेच तर छान आहे."

"आणि माझ्या वाचनात काय वाईट होतं?"

"तू मध्येमध्ये शेरे मारतोस रे. मला हसू येतं आणि झोप उडते."

शेरे हा माझा एकमेव गुण आहे असं मी समजत होतो.

त्यानंतर शुक्रवारी मी हॉलमध्ये बसू लागलो. बसू लागलो म्हणजे बेडरूमच्या दाराशी उभा राहू लागलो. सांगणारा दर वाक्यानंतर असा थांबायचा, जसे आमच्या मंडळाचे प्रमुख पाहुणे टाळ्यांसाठी थांबतात. आणि कशासाठी? तर माणसाने किटली उचलली म्हणून! त्या रानात त्याला चहापत्ती कोण पोचवतं, हे कधी सांगितलं नाही. त्याला इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपायची भीती नाही, वरच्या मजल्यावर फुटबॉल खेळणारी मुलं नाहीत. किटली घासताना तो एकदाही ऐकू आला नाही. मी दर महिन्याला एसीचा फिल्टर धुतो, पण त्यावर कुणी संथ आवाजात बोलत नाही. मी त्याचा इतका राग केला की ती गोष्ट मला पाठ झाली.

एका शुक्रवारी ती मोबाइल वॉर्डातल्या लॉकरमध्येच विसरून आली. सलग तिसरी रात्रपाळी करून आली होती आणि त्या रात्री पुन्हा जायचं होतं. डोळे लाल. तासभर ती नुसती कूस बदलत होती.

"झोप नाही झाली तर रात्री उभी कशी राहू?" ती म्हणाली.

"दिवाळी अंक आणू?"

"नको. तोच सांग. बर्फातला."

"मला कुठे येतोय तो?"

"दाराशी उभा राहून ऐकतोस, ते कळत नाही का मला?"

काय करणार? कडेला बसलो आणि सांगू लागलो. मराठीत, एकही शेरा न मारता. लाकडं फोडली. शेगडी पेटवली. चहा उकळला. मग दोन कपांत ओतला.

"दोन कशाला?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"बायको असेल त्याची."

"नाही. तो एकटा असतो."

"कायमचा?"

"हो. तिथे कुणीच नसतं. कुणी 'सिस्टर, सिस्टर' करत नाही."

मी दुसरा कप रिकामा केला. तिथे पेशंट नकोत, डॉक्टर नकोत, हे पटण्यासारखं होतं. पण त्या यादीत मीही होतो. आणि तो लाकूडतोड्या मात्र होता. त्याची गणती माणसांत होत नव्हती, हेच त्याचं यश.

थोडा वेळ मी नुसता बर्फ पाडला. मग झोपडीच्या दाराशी हळूच एक म्हातारा कुत्रा आणून बसवला. तो भुंकत नाही. त्याला काही विचारायचं नसतं. पाठीवर बर्फ पडतो, तो पडू देतो. मी हरकतीची वाट पाहिली. ती आली नाही. तिचा श्वास लांब होत गेला, आणि मी माझे आखडलेले पाय मुळीच न हलवता बसून राहिलो.

ती दुपारी चारला उठली.

"छान झोप लागली," चहा पिताना म्हणाली. "पण आवाज त्याचाच चांगला आहे हं."

"असेल," मी म्हटलं आणि माझ्या चहात आणखी एक चमचा साखर घातली.

पुढच्या शुक्रवारी मोबाइल जागेवर होता. आतून खर्जातला आवाज सुरू झाला. या वेळी मी दाराशी गेलो नाही. हॉलमध्ये दिवाळी अंक उघडून एकच ओळ चार वेळा वाचली. आत लाकडं फोडून झाली. शेगडी पेटली. टाळ्यांसाठी थांबणं झालं. मग अचानक आवाज बंद पडला.

"ए," आतून हाक आली, "यात कुत्रा नाहीये."

मी अंक मिटला, चष्मा त्यावर ठेवला आणि आत गेलो.