एक लांब, दोन बारक्या शिट्ट्या

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसते. माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा. आठ वर्षं सुप्याच्या एमआयडीसीत ड्रॉइंग सेक्शनला काढली. तिथे कोणी म्हणालं की "मशीन आपोआप बंद पडलं", की आमचे साहेब विचारायचे, "आपोआप म्हणजे नेमकं कोणी?" मीही जन्मभर तेच विचारत आले. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण डोकं खाजवून खाजवून थकले, म्हणून शेवटी तुमच्यापुढे मांडते.

आमचं घर तिसगावात, बाजारतळापासून पायी पाच मिनिटांवर. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. घरात मी आणि माझ्या सासूबाई – मी त्यांना आत्या म्हणते. नवरा सुप्यालाच कंपनीत, शनिवारी येतो. आत्या न्हाणीत घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी नोकरी सोडून घरी आले.

आत्यांबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण सगळं त्यावरच आहे. आत्यांना ऐकू येत नाही. म्हणजे जवळपास नाहीच. नगरच्या डॉक्टरांनी तपासून कानाचं मशीन दिलं, ते गोळ्यांच्या डब्यात पडून असतं. "कानात किडा बसल्यावानी वाटतंय," म्हणतात. समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखतात. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा त्या डोळ्यांनी मोजतात – शिट्टी उडाली की एक बोट मुडपायचं. दारात बँड वाजला तरी मान वळायची नाही.

तर झालं असं, की घरात एका पगारावर ओढाताण व्हायला लागली आणि घरच्यांनी ठरवलं – मी परत सुप्याला जायचं, आत्यांना नणंदेकडे बीडला ठेवायचं. नणंद जीव लावणारी आहे, पण घर तिसऱ्या मजल्यावर, आणि आत्या वॉकर घेऊन चालतात. ठरलं त्या रात्री आत्या जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तितं गेले की मी परत खाली उतरायची न्हाई बघ." मला ते फार लागलं.

मी हातपाय हलवले. सुप्यातले एक फॅब्रिकेशनवाले ओळखीचे होते. ते म्हणाले, घरून ड्रॉइंग करून द्या, पण आधी एक नमुना बघू. शेडमधला प्लॅटफॉर्म आणि जिना, गुरुवारी पाच वाजेपर्यंत. काम पसंत पडलं तर दर महिन्याला देत जाऊ. ते मिळालं असतं तर मी इथेच, आणि आत्याही इथेच.

सोमवारी माझा लॅपटॉप मेला! ड्रॉइंग जवळजवळ झालं होतं. लॅपटॉप गेला तरी आतली डिस्क शाबूत होती, म्हणून मी ठरवलं की आता डेस्कटॉपच जोडायचा, तोही स्वतः. सुट्टे भाग नगरहून आणले, स्क्रीनला चित्र पाठवणारं डिस्प्ले कार्ड सेकंडहँड घेतलं. गुरुवारी सकाळी नऊला जोडायला बसले, अकराला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले... आणि स्क्रीन काळी. मॉनिटरवर 'नो सिग्नल'.

केबल बदलली. मॉनिटर शेजारच्या मास्तरांच्या सेट-टॉप बॉक्सला लावून पाहिला, चांगला होता. रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढली, खोडरबरने तिचे पाय घासले, परत बसवली. एकदा नाही, पाच वेळा! इंटरनेटवर ज्याला त्याला विचारा, तो रॅमच सांगतो. पाचव्या वेळी खोडरबरच अर्धा राहिला, स्क्रीन काळीच.

बारा वाजता दारात गाडी थांबली. नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे दाजी. आत्यांना न्यायला रविवारी येणार होते, पण बीडहून नगरला काही काम निघालं म्हणून आजच आले. माणूस वाईट नाही, पण बोलायला लागला की थांबत नाही. मी जमिनीवर बसलेले, भोवती स्क्रू आणि वायरी, आणि हे पडवीतून डोकावून म्हणतात –

"वहिनी, ह्ये काय मांडलंय? भंगारवाला येणार हाय का?"

"काम्प्युटर आहे, दाजी."

"दिसतोय कुठं? नुसताच गरगर करतोय." मग जरा मऊ होऊन, "आवो, ज्याचं काम त्यानं करावं. चार वाजता निघू आमी. मामींची पिशवी कुठाय?"

आत्यांनी पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. दोन लुगडी, गोळ्यांचा डबा, मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, फोटो. दाजींनी ती उचलून गाडीच्या डिकीत ठेवली. डिकीचं झाकण आपटल्याचा आवाज मला आजही आठवतो. मला रडू आलं, पण रागच जास्त आला, त्या काळ्या स्क्रीनचा.

दोन वाजले. आत्या पडवीच्या उंबऱ्याशी खुर्चीवर बसून मटकी निवडत होत्या, तोंड अंगणाकडे आणि पाठ माझ्याकडे. दाजी माझ्यासमोर पाटावर बसून फुकटचे सल्ले देत होते. मी परत बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी.

आणि आत्या मागे न वळता म्हणाल्या, "आगं, त्यो तुजा डबा शिट्ट्या मारतोय."

मी आणि दाजींनी एकमेकांकडे पाहिलं. पंख्यांच्या घरघरीशिवाय काहीही वाजत नव्हतं. मी उठून त्यांच्यासमोर गेले, म्हणजे त्यांना माझे ओठ दिसतील. "काय म्हणालात, आत्या?"

"शिट्ट्या. एक लांबलचक, मंग दोन बारक्या. परत एक लांबलचक, दोन बारक्या. कधीपस्नं चाललंय. बंद कर की, डोकं उठलं."

"तुम्हाला ऐकू येतंय?"

"मंग काय मी भईरी हाय व्हय?" असं म्हणून त्या परत मटकी निवडायला लागल्या.

दाजी फस्सकन हसले. म्हणाले, "मामींचं वय झालं, वहिनी." मी हसले नाही. कारण ज्यांनी कधी काम्प्युटर उघडलाय त्यांना माहीत असेल – चालू होताना काही अडलं की तो शिट्ट्या मारतो. किती लांब, किती आखूड, त्यावरून दुखणं कुठे आहे ते कळतं. दर कंपनीची खूण वेगळी. मी मोबाईलवर माझ्या मदरबोर्डाच्या शिट्ट्यांची यादी उघडली.

एक लांब, दोन आखूड – डिस्प्ले कार्ड.

कार्ड! मी सकाळपासून रॅमच्या मागे लागले होते, आणि कार्डावर मला शंकाच नव्हती, कारण त्याचा पंखा छान फिरत होता. मोबाईलचा टॉर्च लावून आडवी झाले, कार्डाची खालची कड निरखली. पुढे ते खाचेत पक्कं बसलेलं, पण मागच्या टोकाला नखभर सोनेरी पट्टी बाहेर दिसत होती. कॅबिनेट स्वस्तातलं, त्याचा पत्रा किंचित वाकडा. मी स्क्रू आवळला की पत्रा कार्डाला ओढून वर उचलत होता. आणि मी कसली! कारखान्यातली सवय, स्क्रू आवळायचा म्हणजे कच्चून आवळायचा. जितकी मेहनत घेतली तितकं कार्ड वर आलं. स्वतःचीच चूक, दुसऱ्या कोणाची नाही.

पक्कडीने पत्रा सरळ केला, कार्ड दाबून बसवलं, स्क्रू नुसता टेकवला. बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन अजून काळीच होती – दोन सेकंद, तीन सेकंद – आणि तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला,

"आता एकच बारकी दिली. झाला गप."

आणि स्क्रीन उजळली!

मी किंचाळले. अक्षरशः किंचाळले. दाजी पाटावरून उठताना चहाचा कप लवंडला. "आयला," एवढंच बोलले, आणि दिवसभरात पहिल्यांदा गप्प बसले. जाणकारांनी ओळखलं असेल – एकच आखूड शिट्टी म्हणजे सगळं ठीक. हे आत्यांनी स्क्रीन लागायच्या आधी सांगितलं, पाठमोऱ्या बसून. ज्या बाईने आयुष्यात मोबाईलसुद्धा हिरवं बटण दाबण्यापलीकडे हाताळला नाही, तिने.

पण तेव्हा विचार करायला वेळ कुठे होता? जिन्याचा कठडा राहिला होता. मी जी मुंडी खाली घातली, ती पाचला दहा कमी असताना वर काढली. ड्रॉइंग पाठवलं. दाजी चारला निघणार होते, पण आत्यांनी खुर्ची सोडली नाही. "सून कामात हाय, तिला नीट भेटल्याबिगर मी हलायची न्हाई." सहा वाजता फोन आला. मी स्पीकरवर टाकला, दाजींना ऐकवायलाच टाकला, कबूल करते. फॅब्रिकेशनवाले म्हणाले, "मॅडम, काम स्वच्छ आहे. सोमवारपासून पाठवतो."

मी आत्यांसमोर बसून एकेक शब्द ओठांनी सांगितला. त्या दाजींकडे वळल्या आणि अशा आवाजात म्हणाल्या, जसा मी कधी ऐकला नव्हता –

"जावयबापू, माजी पिशवी काढा डिकीतनं."

त्यांनी काढली. बिचाऱ्यांनी आत आणून कपाटापाशी ठेवली, आणि जाताना मला म्हणाले, "वहिनी, माझ्या पोरीचा काम्प्युटर पन लई दिवस बंद हाय, बघता का?" मी म्हटलं, आणून द्या, पण भंगारवाल्याला दाखवण्याआधी.

इथपर्यंत सगळं आनंदाचं. घोळ दुसऱ्या दिवशी झाला. पसारा आवरताना कॅबिनेटच्या खोक्यात तळाशी एक सीलबंद पुडी सापडली. आत जादाचे स्क्रू, आणि बोराएवढा काळा भोंगा, दोन वायरींचा. ज्यातून त्या शिट्ट्या वाजतात, तो भोंगा. मी कॅबिनेट उघडलं. बोर्डावर तो जोडायच्या चार पिना मोकळ्या. बोर्डावर दुसरा भोंगा नाही, मी पुस्तिका घेऊन कोपरान् कोपरा तपासला. मॉनिटरला स्पीकर नाहीत. इन्व्हर्टर कधीमधी वाजतो, पण तो पार मागच्या खोलीत. म्हणजे मी आणि दाजींनी काही ऐकलं नाही हे बरोबरच होतं. वाजायला तिथे काही नव्हतंच.

पण मी डिप्लोमावाली, प्रयोग केल्याशिवाय सोडणार कशी? भोंगा जोडला. आत्यांना पुन्हा त्याच खुर्चीवर, त्याच उंबऱ्याशी, पाठमोरं बसवलं. कार्ड मुद्दाम उचकटलं आणि बटण दाबलं. टूऽऽऽ, टू, टू. इतका कर्कश, की शेजारचे मास्तर भिंतीवरून डोकावले. एक लांब, दोन आखूड, यादीबरहुकूम.

आत्या निवांत बसलेल्या. मी अख्खं कॅबिनेटच उचलून भोंगा त्यांच्या कानाजवळ नेला. काही नाही. शेवटी समोर जाऊन विचारलं, "आत्या, काही वाजतंय का?"

"न्हाई बाई. काय वाजतंय?"

"मग काल कसं ऐकू आलं तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खुळी. "काल तुला गरज हुती. आज उगाच वाजवतीयास, मला कशाला ऐकू येईल?"

एवढं बोलून त्या वॉकर टेकत आत गेल्या, कुकर लावायला.

त्यानंतर मी डॉक्टरांना विचारलं, नगरच्या काम्प्युटर दुरुस्तीवाल्याला विचारलं, जुन्या साहेबांनाही फोन केला. "आपोआप म्हणजे नेमकं कोणी?" असं या वेळी त्यांनी विचारलं नाही, नुसते हं म्हणाले. योगायोग म्हणावा तर दोन्ही वेळा तंतोतंत कसा? मला माहीत नाही. हे लिहितेय ते त्याच डेस्कटॉपवर. आत्या मागे उंबऱ्याशी बसल्यात, मटकी निवडतायत, आणि त्यांची पिशवी रिकामी करून मी खुंटीला टांगलीय.