पॉलिश खात्यातले अण्णा

नंदकुमार बागवे यांना भांडुपात नंदकुमार म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही. सगळे अण्णाच म्हणतात. मागच्या दसऱ्यापासून होळीपर्यंतचे पाच महिने तर ए विंगमधले लोकसुद्धा अण्णा म्हणत होते. हे मुद्दाम सांगायचं, कारण ए विंगमधल्या माणसाला बी विंगमधल्या माणसाचं नाव ठाऊक असणं ही त्या सोसायटीत सहज घडणारी गोष्ट नव्हे.

आज सोसायटी आहे तिथे पूर्वी बैठी चाळ होती. बिल्डर आला, चाळ पाडली, जुन्या भाडेकरूंना सात मजल्यांची बी विंग बांधून दिली आणि उरलेल्या जागेवर चोवीस मजली ए विंग उभारून विकली. ए विंगवाल्यांच्या मते बी विंगवाले म्हणजे फुकटात घरं मिळालेली माणसं. बी विंगवाल्यांच्या मते ए विंगवाले म्हणजे आमच्या जमिनीवर येऊन बसलेली माणसं. दोन्ही खरंच होतं, त्यामुळे ते मिटायचं काही कारण नव्हतं. गेट वेगळं, लिफ्ट वेगळी, सत्यनारायणसुद्धा वेगळा. सामाईक म्हणावी अशी एकच जागा होती, ती पोडियमची. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर उघड्या आभाळाखाली ए विंगच्या गाड्या लावायची ती गच्ची, आणि तिच्या कडेला चार झाडं नि सहा बाकं. कागदावर तीही ए विंगचीच. पण बी विंगच्या जिन्यातून तिच्यावर उघडणारं एक दार होतं आणि त्याला कुलूप लावायचं सहा वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं. त्या दारातून बी विंगच्या बायका संध्याकाळी येऊन बाकांवर बसत. अण्णांच्या बायकोचे, कुंदाताईंचे, गुडघे गेलेले. खाली रस्त्यावर जाऊन चालणं त्यांच्याने होत नसे. घराच्या बाहेर त्यांचं जे काही जग होतं ते त्या तिसऱ्या बाकावर होतं.

अण्णा नळांच्या कारखान्यात होते. एलबीएस रोडवरच्या त्या कारखान्यात तेहेतीस वर्षं, आणि ती सगळी पॉलिश खात्यात. ओतून आलेला पितळेचा खरबरीत नळ बफाच्या कापडी चाकावर धरायचा आणि त्यात आपलं तोंड दिसेपर्यंत सोडायचा नाही. मग तो ट्रेमध्ये ठेवायचा. तो ट्रे कोणीतरी उचलून शेजारच्या प्लेटिंग खात्यात न्यायचं, तिथे त्याच्यावर क्रोम चढायचं. त्या खात्यात अण्णा आयुष्यात चार वेळा गेले असतील, तेही कोणाच्या तरी निरोप समारंभाचा पेढा खायला. पुढे कारखाना गुजरातेत गेला, जागेवर टॉवर आला, आणि अण्णा घरी बसले. कामाचा माणूस घरी बसला की घराची वाट लागते. बी विंगमधली एकूण एक कडी-कोयंडा त्यांनी दुरुस्त केला, जो ठीक होता तोसुद्धा.

दसऱ्याला सकाळीच बाकावर जाऊन बसलेल्या कुंदाताईंना आणायला ते पोडियमवर गेले, तेव्हा ए विंगमधला चैतन्य आपल्या गाडीला हार घालत होता. तिशीतला मुलगा, पवईला नोकरी. गाडी धुऊन चकाचक, आणि पुढचे दोन्ही दिवे मात्र पिवळट, दुधाळ, जुन्या प्लास्टिकच्या बरणीसारखे. दिवसभराचं ऊन थेट तोंडावर घेणाऱ्या गाड्या त्या. सगळ्यांचीच ती गत होती.

“यातून उजेड काय पडतो?” अण्णांनी विचारलं.

“पडतो कसला. नवीन सेट घ्यायचा तर केवढ्याला पडतो माहितीय?” चैतन्य म्हणाला.

अण्णांनी काचेवरून बोट फिरवलं. काच नव्हतीच ती, जाड प्लास्टिक होतं. पण बोटाला जे कळायचं ते कळलं. तेहेतीस वर्षांत जे काम केलं तेच हे काम. दुपारी ते पाण्याचे पॉलिश पेपर घेऊन आले. आधी आठशे नंबर, मग दीड हजार, मग दोन हजार, प्रत्येक वेळी पाणी मारत, हात एकाच दिशेने. मग पेस्ट आणि ड्रिलला लावलेला फोमचा बफ. दीड तासाने दिवे असे झाले, की आतला बल्ब, त्यामागचा आरसा, सगळं दिसू लागलं. चैतन्यने फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

फुकट ते पौष्टिक. दिवाळीपर्यंत अण्णांच्या दारात रांग लागली. पैसे ते घेत नसत. घेतले असते तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं, कारण पैसे दिलेला माणूस निदान पावती मागतो आणि चार प्रश्न विचारतो. इथे कोणी काही विचारलं नाही. सेक्रेटरी राजेश निमकर, ज्यांनी सहा वर्षांत बी विंगच्या एकाही माणसाला मान हलवून नमस्कार केला नव्हता, ते स्वतः खुर्ची घेऊन अण्णांशेजारी बसले आणि म्हणाले, “अण्णा, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो आता.” होळीपर्यंत सव्वीस गाड्या झाल्या. अण्णा ताठ चालू लागले. वरच्या मजल्यांवर त्यांना चहाला बोलावणं येई, आणि घरी आल्यावर ते कुंदाताईंना तिथल्या कपबशीचं वर्णन ऐकवत. या वयात माणसाला एवढ्याचं अप्रूप वाटावं याची कीव करावी, की ज्यांनी त्याला एवढंही कधी दिलं नाही त्यांची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मार्चमध्ये ए विंगमधली डॉक्टर रुचिरा पोडियमवर भेटली. गोरेगावला एका हॉस्पिटलमध्ये काम करायची आणि ड्युटी संपली की रात्री आरेच्या जंगलातल्या काळोख्या रस्त्याने गाडी चालवत घरी यायची.

“अण्णा, परत एकदा हात मारा ना माझ्या लाइट्सवर,” ती हसत म्हणाली. “काल आरेत एक सायकलवाला दिसलाच नाही मला. दोन हातांवर ब्रेक लागला. शिव्या काय घातल्या त्याने.”

अण्णा तिच्या गाडीपाशी गेले. दिवे पुन्हा पिवळे पडले होते. नुसते पिवळे नव्हे. दसऱ्याआधी होते त्याहून वाईट, वर बारीक तडकल्यासारख्या रेषा. ते एकेका गाडीसमोर वाकत गेले. चैतन्यची, निमकरांची, सगळ्यांची तीच कथा, अलीकडे केलेल्यांचीही सुरुवात झालेली. त्यांच्या हाताखालून गेलेला माल पाच महिन्यांत असा परत आला नव्हता कधी. संध्याकाळी त्यांनी चैतन्यला गाठलं.

चैतन्यने थोडा वेळ मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि मग विचारलं, “अण्णा, कोट कुठला मारलात?”

“कसला कोट?”

“वरचा. उन्हापासून वाचवणारा. कंपनीतून येतानाच असतो तो. तो जुना झाला की पिवळा पडतो, आणि आपण घासला की निघून जातो. मग प्लास्टिक उघडं पडतं ना. पॉलिश झाल्यावर वर नवीन कोट मारायचाच असतो.”

पॉलिश अण्णांचं, कोट शेजारच्या खात्याचा. तेहेतीस वर्षं ट्रे उचलून कोणीतरी घेऊन जात होतं, आणि पोडियमवर तो ट्रे उचलणारं कोणी नव्हतं, एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. पाच महिने ज्या हाताचं कौतुक करून घेतलं, त्याच हाताने सव्वीस गाड्यांच्या अंगावरचं पांघरूण ओढून घेतलं होतं. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या सायकलवाल्याच्या जिवाची भीती वाटली. त्याला ते ओळखतही नव्हते.

घरी त्यांनी कुंदाताईंना सांगितलं, की ए विंगच्या रविवारच्या मीटिंगमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगणार.

“कित्याक सांगतास?” कुंदाताई म्हणाल्या. “कोणी इचारल्यान तुमका? ते आपसूक परत पॉलिश करूक बोलवतत. तेवा गपचूप कोट मारा. कोणाक कळतला?”

सल्ला शहाणपणाचा होता. या गोष्टीत शहाणपणाचं जे काही बोललं गेलं ते एवढंच. पण अण्णांचा हिशेब वेगळा होता. दिवसाला एक गाडी धरली तरी महिना जाणार, आणि तोवर बाकीची माणसं त्या दिव्यांच्या भरवशावर अंधारात गाडी चालवणार. आणि दुसरं असं, की कारखान्यात बिघडलेला नळ ज्याचा त्याने आपल्या हाताने लाल पेटीत टाकायचा असा नियम होता. चुकल्याबद्दल साहेब ओरडत नसे, लपवल्याबद्दल घरी पाठवत असे. अण्णांना वाटलं, जगात सगळीकडे तसंच असतं. चैतन्यनेही भरीला घातलं, “सांगा अण्णा, लोक समजून घेतील.”

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मीटिंगपूर्वी अण्णांनी दुकानं पालथी घालून कोटाचे आठ डबे आणले. बिल्डिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका भंगारातल्या दिव्यावर दोनदा मारून बघितला, दोन दिवस उन्हात ठेवला, नखाने खरवडला. मगच रविवारी अकरा वाजता ए विंगच्या हॉलमध्ये डबे पिशवीत घेऊन गेले आणि उभे राहिले.

“माझी चूक झाली,” ते म्हणाले. “मी वरचा कोट घासून काढला आणि नवीन मारला नाही. मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. सगळ्या गाड्या मी परत करून देतो, कोट मारून. डॉक्टरबाईंची पहिली. तोवर काळोखात गाडी काढू नका, काढलीत तर सांभाळून.”

मग निमकर म्हणाले, “म्हणजे आमच्या गाड्या तुम्ही खराब केल्यात.”

“नीट करून देतो म्हणतोय ना साहेब.”

“तो प्रश्न नाहीये. उद्या अपघात झाला तर जबाबदार कोण?”

मागून कोणीतरी विचारलं, की रिहॅबच्या, म्हणजे बी विंगच्या, माणसाला गाड्यांना हात लावायची परवानगी दिली कुणी. परवानगी हॉलमधल्या सव्वीस जणांनी दिली होती, आणि त्यातले निम्मे हा प्रश्न ऐकून माना डोलवत होते. गरज सरो, वैद्य मरो. अण्णांनी रुचिराकडे बघितलं. ती मोबाइलवर काहीतरी वाचत होती. चैतन्यकडे बघितलं, तर तो खिडकीबाहेर बघत होता. निमकरांनी आवाज मऊ केला. “तुमच्या भावना समजतो हो आम्ही. पण काही प्रोसेस असते की नाही? आज दिव्यांना हात लावला, उद्या दुसरं काही होईल. पोडियमवर कोण येतं, कोण जातं, याच्यावर कंट्रोलच नाही.”

ठराव झाला. गाड्यांचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं. पोडियम फक्त पार्किंगधारकांसाठी. बी विंगच्या जिन्यातल्या दाराला कार्डाचं कुलूप बसवायचं. कार्ड ज्याच्याकडे गाडी त्याला. बी विंगमध्ये गाडी कोणाकडेच नव्हती. हात वर करा म्हटल्यावर सगळे वर गेले. चैतन्यचाही गेला, जरा उशिरा. अण्णा डब्यांची पिशवी उचलून घरी आले.

कुलूप गुरुवारी बसलं. शनिवारी कंपनीची माणसं आली. अण्णांची खिडकी पोडियमवरच उघडते. त्यांनी बघितलं, की ते लोक ओल्या दिव्यावरच कोट मारतायत, धूळ न पुसता, एका गाडीला वीस मिनिटं. पावसाळ्यात त्याचे पापुद्रे निघणार हे सांगायला तेहेतीस वर्षांचा अनुभव लागत नव्हता. ते खाली उतरून ए विंगच्या गेटवर गेले. वॉचमनने त्यांना ओळखलं, आणि ओळखूनही कुठल्या विंगचे म्हणून विचारलं. अण्णा परत फिरले.

ए विंगचं एक वेळ सोडा. ती माणसं कधी आपली नव्हतीच, पाच महिने तसं वाटलं एवढंच. पण आपल्या जिन्यात शिरताना अण्णांना कळलं, की इथेही आता कोणी बोलत नाही. तळमजल्यावरची तेजल, जिचा पोरगा पोडियमवर सायकल शिकत होता, तिने त्यांना बघून दार लावून घेतलं. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालं, “खरं बोलले अण्णा, आणि दार बंद झालं आमचं.” अण्णांना वाटलं, थांबावं आणि समजावून सांगावं. पण काय सांगणार? त्यात खोटं काही नव्हतं.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बायका बसल्या होत्या. संध्याकाळची वेळ, सहा-सात जणी, पायऱ्यांवर अंग चोरून, वर ट्यूबलाइट. कुंदाताई भिंतीला टेकून, दुखरा पाय लांब करून बसल्या होत्या. अण्णांना वर जायला वाट द्यायची म्हणून त्यांना तो पाय दोन्ही हातांनी उचलून जवळ घ्यावा लागला.

“घरात चल,” अण्णा म्हणाले. “इथे कशाला बसतेस?”

कुंदाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

“तुमचा मन हलका झाला ना? बरा झाला. तुमी जावा वर. आमी बसतव हय.”