माळवदाखालची तार

नांदेडला आमच्या शाळेची प्रयोगशाळा भाड्याच्या घरात होती. रस्त्याकडची मोठी खोली शाळेकडे आणि मागच्या खोल्यांत घरमालक. डोक्यावर माळवद, म्हणजे सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. मधल्या तुळईला दोन पोलादी तारा शेजारी शेजारी टांगलेल्या असत. एकीला वजनं अडकवत जायचं आणि ती किती लांबली ते मोजायचं. दुसरी नुसती लोंबत असे. मोजपट्टी मात्र तिच्यावर बसवलेली होती. वजनाने तुळई वाकली तरी दोन्ही तारा सारख्याच खाली येत, त्यामुळे पट्टीवर दिसे तो फक्त पहिलीचा ताण. तो इतका बारीक असे की भिंगाशिवाय वाचता येत नसे.

निजामी राजवटीची ती शेवटची वर्षं. शिकवणं उर्दूत चाले. ताणाला आम्ही खिंचाव म्हणत असू आणि अजूनही माझ्या तोंडी तोच शब्द आधी येतो. बाहेर महायुद्ध चालू होतं. हैदराबादेहून तारा येणं बंद झालं होतं, त्यामुळे असलेल्या तारांना मास्तर स्वतः तेल लावून ठेवत.

माझा खोलीतला सोबती माझ्यासारखाच लातूरचा. घर लिंगायत, वडिलांची गंजात, म्हणजे बाजारपेठेत, करडई-भुईमुगाची अडत. सकाळी भस्म लावल्याशिवाय तो पुस्तक उघडत नसे. वडिलांनी त्याला बजावलं होतं : पास झालास तर हैदराबादेला कॉलेजात, नापास झालास तर दुकानात. प्रात्यक्षिकात जो नापास तो सगळ्याच परीक्षेत नापास, असा तेव्हाचा नियम होता.

परीक्षेच्या सकाळी मास्तर तारा तपासत असताना वजनाची तार आकड्यापाशी तुटली. दुसरी आणायची कुठून? त्यांनी नुसती लोंबणारी तार काढून वजनाला लावली आणि मोजपट्टी भिंतीवर ठोकली. तुळई हलली तर आता ते तारेच्याच खात्यात जाणार होतं. म्हणून ते मागच्या दारी गेले.

"वहिनी, आज दुपारपर्यंत वर कुणी जाऊ नका."

घरमालकीणबाई चुलीपाशी होत्या. "मास्तर, तीन दिस गहू भिजलाय. चीक शिजून राहिलाय. गल्लीतल्या बाया बोलावल्यात. कुरडया आज न्हाई घातल्या तर ह्याची खळ हुईल. परीक्षा उद्या घ्या की."

"साहेब हैदराबादेहून आलेत."

"मग मोठ्या मानसाला एक दिस जड हाय व्हय?"

चिठ्ठ्या टाकून प्रयोग वाटले गेले. मला लंबक आला, सोबत्याला तार.

त्याने पहिलं वजन लावलं, भिंगातून पाहिलं, लिहिलं. तेवढ्यात वर पावलं वाजली. सोऱ्या, पाट आणि चिकाचं पातेलं घेऊन बायका माळवदावर चढल्या होत्या. फळ्यांतून बारीक माती आमच्या टेबलांवर पडू लागली.

ती तार वजनामागे किती लांबते ते वर्गातल्या प्रत्येकाला पाठ होतं. न पाहताही सगळे आकडे लिहिता आले असते. अशा आकड्यांना आम्ही 'घरून आणलेले' म्हणत असू. मास्तर त्याच्या टेबलापाशी दोनदा येऊन गेले, घसा साफ केला, त्याच्याकडे पाहिलं. तो भिंगात दिसेल तेच लिहीत राहिला.

परीक्षक अंगाने भारदस्त, शेरवानीतले, बोलायला मिठास होते. त्यांनी त्याचा कागद उचलला.

"वजन बढाया और तार घट गया? मियाँ, ऐसा तार हमें भी मंगवा दीजिए."

सगळे हसले. माझ्या लंबकाचे झोके मोजायचे राहिले आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

"तार ठीक है साहब," तो म्हणाला. "छत हिल रही है. औरतां ऊपर हैं."

परीक्षकांनी वर पाहिलं, शेरवानीवरची माती झटकली आणि ते अंगणातला जिना चढून गेले. माळवदावरच्या त्यांच्या प्रत्येक पावलाला तार किती हलते हे सोबती भिंगातून पाहत होता. ते परतले तेव्हा हातात वाटी होती, गरम चीक आणि वर गूळ.

"आता काय करणार?" त्यांनी खाता खाता विचारलं.

"त्यांना उतरवायला नको. मी पाहतो तेवढा वेळ त्या जागच्या हलल्या नाहीत तरी पुरे."

त्याने खिडकीतून हाक दिली. "काकू, मी 'थांबा' म्हटलं की थांबायचं."

"आमी काय सोंगट्या हाव का रे?" वरून आवाज आला. पण दुसऱ्याच बाईने दटावलं, "लेकराची परीक्षा हाय. बसा की गुमान."

मग पहिल्या वजनापासून पुन्हा ते तसंच चाललं. तो वजन लावी, 'थांबा' म्हणे, वरचा सोऱ्या थांबे, बांगड्याही वाजत नसत. तो आकडा लिहून 'हं' म्हणे आणि पुन्हा चीक पाटावर उतरू लागे. कागदावर ठिपके एका सरळ रेषेत येत गेले. एकच बाजूला पडला, तेव्हा कुणीतरी कावळा हाकलायला उठलं होतं. त्याने तो ठिपका खोडला नाही. शेजारी उर्दूत 'कव्वा' लिहिलं. परीक्षकांनी ते वाचलं आणि सही केली.

निकालाला त्याचे वडील स्वतः नांदेडला आले. मुलगा पास होता. त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "दया म्हणून तर न्हाई ना सोडलं?"

मास्तरांनी घडलं ते सांगितलं. घरून आणलेले आकडे त्याने लिहिले नाहीत, हेही सांगितलं.

"असं पोरगं दुकानच्या काट्यावर बसवाया पायजे हुतं," वडील म्हणाले. मग मुलाकडे वळले. "बांध वळकटी."

संध्याकाळच्या गाडीने तो हैदराबादेला गेला. मला त्याच्या वडिलांबरोबर लातूरला परतायचं होतं. मोटार कोळशावर चालणारी. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. अहमदपूरच्या पुढच्या चढाला शेजारून चालताना त्यांनी विचारलं, "तिथं लिंगायत खानावळ असंल का?"

मी हैदराबाद पाहिलेलं नव्हतं. असेल, म्हणालो.

"आन् झोपायला खाट देत्यात का खालीच?"

खाट देतात, असं मी सांगितलं. लातूर येईपर्यंत ते विचारत राहिले, आणि मी ऐकीव होतं तेवढं सांगत राहिलो.